कंबरेचा दावा मंजूर, अ‍ॅसिडिटीचा नामंजूर : अमेरिकी लष्करातून बाहेर पडलेल्या पतीसाठी अपील करावं का?

प्रश्न : माझे यजमान मूळचे सांगलीचे. ग्रीन कार्डवर असताना ते अमेरिकेच्या आर्मीत भरती झाले, २०१९ मध्ये बाहेर पडले. आता आम्ही टेक्सासमध्ये असतो. ट्रेनिंगमध्ये त्यांची कंबर दुखावली, त्याचे व्हीएने (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने) अपंगत्वाचे २० टक्के मान्य केले आहेत. कंबरेसाठी वर्षानुवर्षं ८०० मिलिग्रॅमच्या आयबुप्रोफेन गोळ्या घेऊन आता अ‍ॅसिडिटीने बेजार झालेत. सुट्टीत मिरजेला एंडोस्कोपी केली, तेव्हा अन्ननलिकेला सूज असल्याचं निघालं. मार्च २०२४ मध्ये केलेला दावा नोव्हेंबरमध्ये फेटाळला. कारण : ‘नोकरीच्या काळात या आजाराची नोंद नाही, वजनामुळे झाला असावा.’ हे म्हणतात, ‘पित्तासाठी कुठे भांडत बसायचं?’ सोडून द्यावं का?

उत्तर : नमस्कार ताई,

सोडून देऊ नका. निकालपत्रावरच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत असते, म्हणजे नोव्हेंबर २०२५ च्या आत तुम्हाला कागद दाखल करायचे आहेत. ही मुदत चुकली तर तुमच्या प्रकरणातली सर्वात मोलाची गोष्ट हातची जाईल, ती म्हणजे मार्च २०२४ ही तारीख.

व्हीएने १९ मे २०२४ पासून पचनसंस्थेच्या आजारांचे निकष बदलले. त्याआधी अ‍ॅसिड रिफ्लक्सला स्वतंत्र क्रमांक नव्हता, हायटल हर्नियाच्या (जठराचा भाग छातीकडे सरकण्याच्या आजाराच्या) ७३४६ क्रमांकाखाली तो मोजत. छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं, घास अडकणं यांपैकी दोन लक्षणं सौम्य असली तरी १० टक्के मिळत. त्रास वारंवार होणारा, छाती-खांद्यात दुखणारा आणि प्रकृतीवर बराच परिणाम करणारा असेल तर ३०. नव्या ७२०६ क्रमांकात सगळा भर अन्ननलिका आकसून अरुंद झाली आहे का, यावर आहे. तसं आकुंचन नसलेल्या माणसाने रोज गोळी घेतली, तरी त्याच्या पदरात बहुधा शून्य पडतं. हा बदल मला अन्यायकारक वाटतो, पण आज दावा करणाऱ्याला तोच लागू आहे. तुमचा दावा बदलाच्या दिवशी प्रलंबित होता, म्हणून तुम्हाला जुन्या-नव्यापैकी फायद्याचे निकष मिळायला हवेत. वर्ष उलटल्यावर पुन्हा अर्ज केलात तर तो नव्या तारखेचा धरला जाईल आणि फक्त नवे निकष लागतील.

‘दहा टक्क्यांनी काय होणार’ असं यजमान म्हणतील, तर हा हिशेब त्यांना दाखवा. व्हीए टक्क्यांची सरळ बेरीज करत नाही. २० टक्के गेल्यावर उरलेल्या ८० चे दहा टक्के, म्हणजे ८, मिळून २८, आणि ते जवळच्या दशकात नेऊन ३०. तीसपासून पुढे पत्नी आणि मुलांसाठी जादा रक्कम सुरू होते, वीसला ती नसते. शिवाय फरकाची रक्कम मूळ दाव्यापासून मिळते.

आता दावा का पडला ते बघू. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आजार नोकरीत सुरू झाला का, एवढंच पाहिलं. तुमचं म्हणणं वेगळं आहे : कंबर नोकरीत गेली, कंबरेसाठी गोळ्या आल्या आणि गोळ्यांनी पोट बिघडलं. व्हीएचा नियम ३.३१० याच साखळीसाठी आहे. मान्य झालेल्या दुखण्यामुळे किंवा त्याच्या औषधोपचारामुळे दुसरा आजार झाला, तर तोही नोकरीशी जोडलेला मानला जातो. आधीचा आजार त्यामुळे वाढला असेल, तरी वाढलेल्या भागापुरता दावा टिकतो. हे १९९५ च्या ‘अ‍ॅलन विरुद्ध ब्राऊन’ निकालापासून पक्कं आहे. तुम्ही पाठवलेल्या निकालातल्या परिच्छेदात ‘झाला का’ आणि ‘वाढला का’ या दोन्ही प्रश्नांना हात घातलेला नाही. वजनाचं कारणही तिथेच संपत नाही. कंबरेमुळे हालचाल बंद होऊन वजन वाढलं असेल, तर वजन हा साखळीतला मधला दुवा ठरू शकतो. व्हीएच्याच जनरल काउन्सेलने, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याने, २०१७ मध्ये तसं मत दिलं आहे.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. वरिष्ठांकडून फेरतपासणी मागता येते, पण तिथे नवा पुरावा चालत नाही. व्हीएच्या अपील बोर्डाकडे अपील करता येतं, पण तिथे फार काळ थांबावं लागतं. मी तुमच्या जागी असते तर पुरवणी दावा केला असता, फॉर्म २०-०९९५. त्याला नवा आणि प्रकरणाशी संबंधित पुरावा लागतो, आणि तुमच्याकडे तो आहे. अर्जात ‘कंबरेच्या औषधांमुळे झालेला किंवा वाढलेला आजार’ असं स्पष्ट लिहा.

व्हीएच्या वेबसाइटवर यजमानांच्या लॉगिनमधून औषधांची पूर्ण यादी उतरवून घ्या. आयबुप्रोफेन कधीपासून, किती, आणि पुढे ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) कधी सुरू झालं, हे तारखांसह दिसलं पाहिजे. मिरजेचा अहवाल इंग्रजीत असेल तर तसाच जोडा. मराठी मजकूर असल्यास भाषांतर द्या. मग पोटविकारतज्ज्ञाकडून मत घ्या. ‘निदान पन्नास टक्के तरी शक्यता आहे’ एवढं म्हटलं तरी पुरतं, कारण पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर संशयाचा फायदा माजी सैनिकाला मिळतो. पण नुसता निष्कर्ष चालत नाही. गोळ्यांनी अन्ननलिका आणि जठराच्या अस्तराला काय होतं, वजनापेक्षा गोळ्यांचं कारण सबळ का, हे डॉक्टरांनी लिहिलं पाहिजे. व्हीएच्या डॉक्टरांचं मत उलटवायचं असेल तर हे कारण देणंच निर्णायक ठरतं.

आणि ताई, तुमचं स्वतःचं निवेदन जोडा, फॉर्म २१-१०२१०. त्याला कमी लेखू नका. रात्री किती वेळा ठसका लागून ते उठून बसतात, उशा किती घेतात, कोणते पदार्थ सोडले, कामावर कधी जाता आलं नाही, हे तुम्ही पाहिलंय तसं लिहा. ‘गोळ्यांमुळे झालं’ हे वाक्य तुम्ही लिहू नका, ते डॉक्टरांचं काम. बराकीत असताना फोनवर जळजळीची तक्रार करत असतील तर तेही लिहा. पित्तासाठी कुणी सिक कॉलला, म्हणजे लष्करी दवाखान्यातल्या तपासणीला, जात नाही. थंड दूध, आमसुलाचं पाणी, दुकानातून आणलेल्या टम्स या पित्ताच्या गोळ्यांच्या बाटल्या, यांची नोंद कुठल्याच दवाखान्यात नसते. २००६ च्या ‘ब्युकॅनन विरुद्ध निकल्सन’ निकालात फेडरल अपील कोर्टाने म्हटलं आहे की तेव्हाचा वैद्यकीय कागद नाही, एवढ्याच कारणाने साक्ष अविश्वसनीय ठरवता येत नाही. बराकीतल्या एखाद्या सोबत्याचं निवेदन मिळालं तर तेही लावा.

पैशाचं सांगते. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी फुकट मदत करतात. वकील केलात तर तो व्हीएची मान्यता असलेलाच हवा. मिळालेल्या थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत फी वाजवी धरली जाते. दरमहा वाढलेल्या रकमेतून हिस्सा मागणारे ‘सल्लागार’ फोन करतील. त्यांच्या कशावरही सही करू नका.

दाव्याआधीची एक गोष्ट. शौचास काळी होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या. आयबुप्रोफेन अजून चालू असेल तर डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा.

पुरवणी दावाही फेटाळला गेला, तर त्या निकालापासून पुन्हा एक वर्ष मिळतं. तेव्हा फॉर्म १०१८२ भरून बोर्डाकडे जा, आणि तोपर्यंत एकही मुदत चुकवू नका, म्हणजे मार्च २०२४ ची तारीख कायम राहील.