फाटका वूफर चालेल, मेलेला ट्वीटर नको

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले जुन्या स्पीकरच्या दोन्ही जोडांचे फोटो मोठे करून पाहिले. पहिला दिसायला भारीच आहे. कोरीव लाकडी जाळी, तिच्यामागे बारा इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा ड्रायव्हर, आणि वर चमचमणारे आणखी चार-पाच ड्रायव्हर (खोक्यातले आवाज काढणारे भाग). दुसऱ्या जोडाचे वूफर कडेने फाटलेत, जाळीचं कापड विटलंय आणि मालक स्वतःच म्हणतोय की बिघडलेत, काय द्यायचं ते द्या. तुझा कल पहिल्याकडे आहे हे लिहिण्यावरून कळलं. माझं मत नेमकं उलट. पंधरा हजारांत बसवायचं असेल तर तो फाटका जोड आधी बघून ये.

वूफरच्या कोनाभोवती, म्हणजे पुढच्या शंकूभोवती, जी मऊ वळी असते तिला सराउंड म्हणतात. १९७०-८०च्या काळात ती बऱ्याच कंपन्या पॉलियुरेथेन फोमची करत. हा फोम वाजवला काय किंवा माळ्यावर ठेवला काय, पंधरा-वीस वर्षांत हवेतल्या ओलाव्याने आपोआप कुजतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच. बोट लावलं की काळा चिकट चुरा हाताला येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, स्पीकर संपला. पण आतला कोन, कॉइल (तारेचं वेटोळं), मॅग्नेट बहुतेक वेळा शाबूत असतात. जुना चुरा खरवडून काढायचा, मापाची नवी रिंग चिकटवायची, वूफर पुन्हा कामाला लागतो. म्हणजे फाटका फोम हे भाव पाडायचं कारण आहे, जोड सोडून द्यायचं नाही. रबराची किंवा कापडाची वळी असेल तर तेवढाही खर्च नाही, ती अनेक दशकं टिकते.

ट्वीटरचं, म्हणजे वरचे बारीक स्वर वाजवणाऱ्या छोट्या ड्रायव्हरचं, तसं नसतं. त्याची कॉइल केसासारखी बारीक असते. लहान ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर पिळला, आवाज फाटायला लागला, की आधी ट्वीटरच जळतो. आणि जुन्या स्पीकरचा ट्वीटर गेला की तसाच नवा मिळत नाही. केईएफ कंपनीचा टी-२७ किंवा सेलेस्टियन कंपनीचा एचएफ-१३०० हवा असेल तर तो दुसऱ्या एखाद्या जोडातूनच काढावा लागतो आणि विकणाऱ्याला त्याची किंमत चांगली ठाऊक असते. मग दुकानदार म्हणतो, "मॅडम, हा लावून देतो, सेम आहे." सेम नसतो. आतला क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे-खालचे स्वर वाटून देणारं सर्किट, मूळ ट्वीटरला धरून बेतलेला असतो. दुसरा लावला की एका बाजूची गायिका नाकात गाते आणि दुसऱ्या बाजूची ठीक. म्हणून टॉर्च घेऊन जा आणि दोन्ही खोक्यांचे ट्वीटर शेजारीशेजारी धरून बघ. रंग, जाळी, स्क्रू एकसारखे आहेत का? एका बाजूचे स्क्रू नवे चकचकीत असतील, भोवतीच्या लाकडावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे असतील, तर तिथे कोणाचा तरी हात फिरलाय.

विजेचा रोध ओममध्ये मोजायला मल्टिमीटर ने. खोक्यामागच्या टर्मिनलवर लावलास तर आठ ओमच्या स्पीकरला साडेपाच ते सातच्या आसपास आकडा दिसायला हवा, आणि डाव्या-उजव्यात फारसा फरक नको. पण यावर समाधान मानू नकोस. हा आकडा वूफरचा असतो. ट्वीटरच्या वाटेत मीटरचा प्रवाह अडवणारा कपॅसिटर असल्यामुळे मीटरला तो दिसतच नाही. म्हणजे दोन्ही ट्वीटर मेलेले असले तरी मागून सगळं आलबेल वाटेल. मालकाची परवानगी घेऊन ट्वीटरचे स्क्रू काढ, एक वायर सुटी कर आणि थेट त्याच्या पायांवर मोज. नाहीच काढू दिलं तर पुठ्ठ्याची नळी ट्वीटरपाशी धरून कान लाव.

वूफर तपासायचा तो हाताने. बोटं कोनावर चारही बाजूंनी सारख्या अंतरावर टेकव आणि हळूच आत दाब. गुपचूप आत जाऊन परत आला तर उत्तम. खर्र असं घासल्याचं जाणवलं तर कॉइल जळून फुगली असेल किंवा मॅग्नेट सरकला असेल. फक्त एक लक्षात ठेव: फोम पूर्ण गेलेला असला की कोन एका अंगाला कलतो, तेव्हा आधी त्याला अलगद मध्यावर आण आणि मग दाब, नाहीतर चांगल्या वूफरला उगाच नाव ठेवशील. अशा वूफरवर मोठ्याने काही वाजवूही नकोस.

ऐकायला काय न्यायचं? दुकानात धडधड बासची गाणी लावतात, ती ऐकून कोणालाही काहीही पटतं. तू तंबोरा ने. नुसता तंबोरा, मग त्यावर एखादा आवाज: किशोरीताई, भीमसेनजी, ज्यांना तू रोज ऐकतेस ते. चांगल्या जवारीच्या (तारेच्या झंकाराच्या) तंबोऱ्यात खर्जापासून अगदी वरपर्यंत स्वरांची एक पट्टी उलगडत असते. ट्वीटर सुस्त असेल तर ती वरून कापल्यासारखी होते, तार नुसती गुणगुणते. डावा स्पीकर, मग उजवा, पुन्हा डावा. दोन्हींतली जवारी सारखी वाटली पाहिजे. त्यानंतर १९५०च्या दशकातलं एखादं भावगीत लाव. ती रेकॉर्डिंग मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज जातो, आणि इथे तेच कामाचं. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलीस तर गाणारा माणूस समोर मधोमध उभा राहायला हवा. तो एका बाजूला सरकला तर एक स्पीकर कमजोर आहे. डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला तर कुठेतरी प्लस-मायनस उलटं जोडलंय. हे वायर बदलून पाहता येतं, त्यासाठी जोड नाकारू नकोस.

आता त्या मोठ्या जोडाबद्दल, म्हणजे तुझी समजूत पटेल. जाळीवाल्या या जपानी स्पीकरना गमतीने कबुकी (भपकेदार जपानी नाट्यप्रकार) म्हणतात. सगळेच वाईट नसतात, पण त्यांत पाच-सहा ड्रायव्हर म्हणजे बिघडायच्या पाच-सहा जागा आणि त्यांना एकत्र बांधणारा क्रॉसओव्हर अनेकदा हात आखडूनच केलेला. शिवाय तुझी खोली दहा बाय बारा. एवढा वूफर तिथे श्वास घ्यायला जागा मागतो आणि ती नाही मिळाली की नुसता घुमतो.

खोका छोटा म्हणजे बास नाही, ही समजूत १९५४ सालीच मोडीत निघाली. अमेरिकेत एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च कंपनी काढली आणि वूफर घट्ट बंद खोक्यात बसवला. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते, त्यामुळे लहान खोक्यातूनही खोल आणि स्वच्छ बास येतो. हाच क्लॉस पुढे केएलएच आणि नंतर ॲडव्हेंट या स्पीकर कंपन्यांत गेला. तुझ्या दुसऱ्या फोटोतला जोड मला लार्ज ॲडव्हेंटच दिसतोय: दोनच ड्रायव्हर, बंद खोका. मालकाचा मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा आणला म्हणतेस, ते जुळतंय. बंद खोक्याला भिंतीजवळ ठेवलं तरी तो फारसं कुरकुरत नाही, फ्लॅटमध्ये हे मोलाचं. बदल्यात त्याला पॉवर जास्त लागते. तुझा चाळीस वॅटचा ॲम्प्लिफायर त्या खोलीत पुरेल. मात्र हौसेने अकूस्टिक रिसर्चच्या एआर-३एसारखे चार ओमचे स्पीकर त्याला जोडू नकोस.

दोन नावाजलेल्या स्पीकरच्या मागे लागू नकोस. एक एलएस३/५ए. बीबीसीने १९७०च्या दशकात आपल्या प्रसारणाच्या गाड्यांसाठी तो बेतला, आणि माणसाच्या आवाजाला खरंच अप्रतिम आहे, पण आता त्याची किंमत संग्राहक ठरवतात. दुसरा यामाहाचा एनएस-१०एम, पांढऱ्या कोनाचा. १९७८मध्ये घरगुती म्हणून आला, घरांत चालला नाही आणि स्टुडिओंनी उचलून धरला, कारण तो रेकॉर्डिंगमधले दोष उघडे पाडतो. संध्याकाळी चहा घेत गाणं ऐकायला असला फटकळ पाहुणा कशाला?

खोका बघताना खालची कड नखाने दाबून बघ. आतलं भुशाचं बोर्ड पाणी प्यायलं असेल तर फुगून मऊ पडलेलं असतं, त्याला इलाज नाही. वाळवीची माती दिसली तर दारातूनच परत फिर. ओरखड्यांचं काही नाही.

दुरुस्तीबद्दल मात्र कान उघडे ठेवून वाच. आपल्याकडे स्पीकर दुरुस्त करणाऱ्यांची बहुतेक कमाई मंडळांच्या आणि डीजेवाल्यांच्या स्पीकरवर होते. तो तुझा वूफर बघेल आणि म्हणेल, "कोन-कॉइल सगळंच नवीन टाकतो, दणकून वाजेल." दणकून वाजेलही, पण तो मग ॲडव्हेंट राहणार नाही. जाड कोन, जड कॉइल, सगळा तोल गेला. त्याला स्पष्ट सांग: फक्त फोम बदला, कोनाला आणि कॉइलला हात लावू नका. रिंग चिकटवताना कॉइल बरोबर मध्यावर कशी धरणार, एवढं एक विचार. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा माणूस शोध. क्रॉसओव्हरमधले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चाळीस वर्षांत वाळलेले असतात, ते त्याच मूल्याचे, दोन्ही खोक्यांत एकाच वेळी बदलून घे. जास्त मायक्रोफॅरड (कपॅसिटरचं माप) म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. पैशांचं म्हणशील तर पंधरातले पाच या कामासाठी आधीच बाजूला काढ आणि जोडावर दहाच्या वर जाऊ नकोस.

हा जोड हातचा गेला तर घाबरू नकोस. बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईला गेलीस तर चोर बाजार आहे, पण खरा माल रीडेव्हलपमेंटला गेलेल्या सोसायट्यांत निघतो. आखातात नोकरी करून आलेल्यांनी त्या काळी आणलेले सेट अजून कितीतरी घरांत कपड्याखाली झाकून ठेवलेत. त्यातला ॲम्प्लिफायर एकशे दहा व्होल्टचा निघाला तर जपून, स्पीकरला ती भानगड नाही.

आणताना वूफरसमोर जाड पुठ्ठा बांध, रिक्षात कोणाचा तरी गुडघा हमखास जातो. आणि पैसे द्यायच्या आधी मला चार आकडे पाठव: दोन वूफरचे, दोन ट्वीटरचे. भाव कुठवर ताणायचा ते मग फोनवर बोलू. बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका