२० जानेवारी २०२५ च्या आत सोलरवर सही करावी का?

(हा प्रश्न आणि उत्तर जानेवारी २०२५ मधले आहेत; त्यातले नियम, दर आणि माणसांची पदं तेव्हाची आहेत. पुढे जुलै २०२५ च्या कायद्याने घरगुती सोलरचं हे क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बंद झालं.)

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला १ लाख ६५ हजार डॉलर, एक मुलगी. मिस्टर एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत. बँकेत ४० हजार शिल्लक. घर २००५ चं, छत मूळचंच. सोलरवाल्याने ८ किलोवॅटचं कोटेशन दिलंय: रोखीने २४ हजार, कर्जाने ३१,५००. कर्ज २५ वर्षांचं, व्याज ३.९९ टक्के, हप्ता ११६. त्याचं म्हणणं, ट्रम्प २० जानेवारीला शपथ घेतील आणि सोलरच्या खर्चावरचं ३० टक्के टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातली थेट सूट, बंद होईल, म्हणून आत्ताच सही करा. हवं तर ‘काम ३१ डिसेंबर २०२४ ला पूर्ण’ असा कागद द्यायलाही तो तयार आहे. शिवाय जानेवारी २०२१ मध्ये क्लीन एनर्जी ईटीएफमध्ये (स्वच्छ ऊर्जा कंपन्यांच्या शेअरचा फंड) ८ हजार टाकले होते, त्यांचे आता २,८०० उरलेत. विकू का?

उत्तर: ताई, या कागदावर सही करू नका. सोलर जरूर बसवा, पण याच वर्षी सावकाशीने, आणि या कर्जावर मुळीच नको.

आधी त्या २० तारखेची भीती काढून टाकू या. ३० टक्क्यांची सवलत ऑगस्ट २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टमध्ये लिहिलेली आहे: २०३२ पर्यंत ३० टक्के, मग २६, मग २२. ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्याने दिली, आणि काढायची तर काँग्रेसलाच कायदा करावा लागेल. पॅरिस करारातून बाहेर पडणं, समुद्रातल्या पवनचक्क्यांची लिलाव-प्रक्रिया थांबवणं, अनुदानं अडवून धरणं असं बरंच काही नवा अध्यक्ष पहिल्या दिवशी आदेशाने करू पाहू शकतो. तुमच्या टॅक्स रिटर्नमधला फॉर्म ५६९५, म्हणजे हे क्रेडिट मागायचा कागद, मात्र त्या आदेशाने रद्द होत नाही.

दुसरी गोष्ट त्या माणसाने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. हे क्रेडिट सहीच्या तारखेवर ठरत नाही, आगाऊ रकमेवरही नाही. पॅनेल बसवण्याचं काम ज्या वर्षी पूर्ण होतं, त्या वर्षी ते मिळतं. म्हणजे १९ जानेवारीला सही करून तुमच्या हाती काहीच पक्कं पडत नाही. पक्की होते ती त्याची विक्री.

मागच्या सत्तांतरात काय घडलं तेही आठवा. २७ डिसेंबर २०२० ला, निवडणूक हरल्यानंतर आणि पद सोडायला जेमतेम साडेतीन आठवडे उरलेले असताना, ट्रम्प यांनी एका मोठ्या खर्च-विधेयकावर सही केली. त्यात सोलरचं तेव्हाचं २६ टक्के क्रेडिट दोन वर्षं वाढवलेलं होतं. कोण निवडून आलं एवढ्यावरून करकायद्याचं भाकीत करता येत नाही, ते यासाठी.

पण म्हणून २०३२ वर भिस्त ठेवा, असंही मी सांगणार नाही. २०१७ च्या करकपातीतल्या व्यक्तिगत कराच्या बहुतेक तरतुदी ३१ डिसेंबर २०२५ ला संपतात, त्यामुळे या वर्षी मोठं कर-विधेयक येणार हे जवळपास ठरलेलं आहे. कपात चालू ठेवायची तर पैसा कुठून तरी काढावा लागेल, आणि स्वच्छ ऊर्जेच्या सवलती हातासरशी सापडणाऱ्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या १८ रिपब्लिकन सदस्यांनी स्पीकर माइक जॉन्सन यांना पत्र लिहून या सवलती सरसकट रद्द करू नका असं सांगितलं. त्यांच्या मतदारसंघांत या कायद्यामुळे गुंतवणूक आलेली आहे. बहुमत काठावरचं असताना १८ हा मोठा आकडा आहे. पण घरच्या छतावरच्या क्रेडिटमागे कारखाना नाही, त्यामुळे त्यासाठी भांडणारं कुणी नाही. सगळ्यात आधी कात्री तिथेच लागू शकते. म्हणून माझा हिशोब असा: चालू वर्षात पूर्ण झालेल्या कामाचं क्रेडिट मागे जाऊन काढून घेण्याचा धोका कमी, पुढच्या वर्षीचं जाण्याचा धोका खरा. तुमची मुदत २० जानेवारी नाही, ३१ डिसेंबर २०२५ आहे.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खुपते, आणि तिचा तुमच्या पैशाशी संबंध आहे. ट्रम्प यांच्या सत्तांतर पथकाने व्हाइट हाउसशी करार केला, पण नेहमीचा जीएसए या सरकारी संस्थेशी होणारा करार नाकारला. तो केला असता तर सत्तांतरासाठी एका देणगीदाराकडून ५ हजार डॉलरच्या वर घेता आलं नसतं आणि नावं जाहीर करावी लागली असती. नावं आपण होऊन जाहीर करू, असं पथक म्हणतं. पण आपण होऊन करणं वेगळं आणि बंधन असणं वेगळं. ऊर्जा खात्यासाठी नाव पुढे आहे ते तेलविहिरींना सेवा पुरवणाऱ्या लिबर्टी एनर्जीचे प्रमुख ख्रिस राइट यांचं. कर-विधेयक लिहिलं जाताना खोलीत कुणाचे हितसंबंध बसलेत, हे सामान्य कुटुंबाला कळलंच पाहिजे. ते कळत नाही, तोवर २०३२ चं आश्वासन मी तुमच्या वहीत जमेच्या बाजूला धरणार नाही.

आता कर्ज. रोखीने २४ हजार आणि कर्जाने ३१,५००. मधले साडेसात हजार म्हणजे कर्ज देणाऱ्याचं शुल्क, डीलर फी, किमतीत मुरवलेलं. २४ हजारांवर ३० टक्के क्रेडिट होतं ७,२००. म्हणजे सरकारची सगळी सवलत, वर तीनशे डॉलर, कर्ज देणाऱ्याच्या खिशात. कर्ज दोन वर्षांत फेडलंत तरी ती फी परत येत नाही. ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठीच्या सीएफपीबी या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नेमका याच प्रकाराबद्दल इशारा दिला आहे.

११६ चा हप्ताही पुरता खरा नाही. ३१,५०० वर ३.९९ टक्क्यांनी २५ वर्षांचा हप्ता १६६ येतो. ११६ तेव्हाच, जेव्हा तुम्ही कर्जाच्या ३० टक्के, म्हणजे ९,४५० डॉलर, साधारण दीड वर्षात एकरकमी भराल. कागदात ते बारीक अक्षरात असणार, शोधून बघा. नाही भरले तर हप्ता १७० च्या आसपास जाईल. सरकारने क्रेडिट बंद केलं, काम लांबलं, काहीही झालं तरी ती रक्कम तुम्हीच द्यायची. राजकारणाचा धोका त्यांनी अलगद तुमच्या डोक्यावर ठेवलाय.

मागच्या तारखेच्या कागदाबद्दल मात्र मला कडकच लिहायचंय. तो घेऊ नका. रिटर्नवर सही करताना आपण खोट्या शपथेच्या शिक्षेला पात्र राहून सांगतो की हे खरं आहे. चुकीला आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, साधारणपणे तीन वर्षं मागे जातं; फसवणुकीला मुदतच नाही. तुमच्या शहराच्या परवान्यावर, तपासणीच्या दाखल्यावर आणि वीज कंपनीच्या मंजुरीवर खरी तारीख असणारच आहे. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या माणसाने सात हजारांसाठी असा कागद घरात ठेवायचा? सत्तेवरच्यांनी दिलेला शब्द पाळावा असं आपण म्हणतो, तर आपल्या सहीखालचा मजकूरही तितकाच खरा हवा. जो विक्रेता पहिल्याच भेटीत खोटी तारीख देऊ करतो, त्याच्या २५ वर्षांच्या वॉरंटीचं काय करायचं, ते तुम्हीच ठरवा. सनपॉवरसारखी मोठी, जुनी कंपनीसुद्धा ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली.

ईटीएफचं थोडक्यात सांगते. तोही तुम्ही एका सत्तांतराच्या भरातच घेतला होता: बायडन येणार, म्हणजे स्वच्छ ऊर्जा वर जाणार. प्रत्यक्षात ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत हे शेअर चढले आणि तेलाचे पडले. बायडन यांच्या काळात उलटं झालं. मार्च २०२२ मध्ये जवळपास शून्यावर असलेले व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाचवर गेले, आणि कर्जावर उभे राहणारे सोलर-पवनचक्की प्रकल्प त्यात होरपळले. हा ईटीएफ विका. ५,२०० च्या तोट्यातले ३ हजार यंदा पगाराच्या उत्पन्नातून वजा होतील, उरलेले पुढच्या वर्षी. फक्त तोच ईटीएफ विक्रीच्या आधी किंवा नंतर ३० दिवसांत घेऊ नका. या क्षेत्रावर तुमचा विश्वास असेल तर तो छतावर लावा, तिथे परतावा मोजता येतो.

तो किती? ८ किलोवॅटमधून तुमच्याकडे वर्षाला साधारण साडेनऊ हजार युनिट निघावेत. १८ सेंटने सुमारे १,७०० डॉलर. त्यावर न्यू जर्सीत हजार युनिटमागे एक प्रमाणपत्र मिळतं, एसआरईसी. सुमारे ८५ डॉलरने ती १५ वर्षं विकता येतात, म्हणजे आणखी आठशे. एकूण २,५००. क्रेडिट मिळालं तर पैसे सात वर्षांत वसूल, नाही मिळालं तर दहा. क्रेडिट गेलं तरी हा व्यवहार बुडत नाही, म्हणूनच मी ‘बसवा’ म्हणतेय. तुमचा संघीय कर १८ हजारांच्या घरात असेल, तेव्हा ७,२०० पूर्ण वापरले जातील. अट एकच, त्या घरात सात-दहा वर्षं राहायचा विचार हवा.

आणि छत! २० वर्षांच्या शिंगल्सवर पॅनेल चढवलेत, तर पाच वर्षांनी ती उतरवून पुन्हा बसवायचा खर्च येईल. माजी अध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ ला गेले. जून १९७९ मध्ये त्यांनी व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारी ३२ सोलर पॅनेल बसवली होती, आपल्याकडे पुण्यात गच्चीवर दिसतात तशी. १९८६ मध्ये रेगन यांच्या काळात छताच्या दुरुस्तीसाठी ती काढली, ती परत कधी बसलीच नाहीत. घरगुती सोलरचं तेव्हाचं क्रेडिट १९८५ अखेर संपूनही गेलं होतं.

म्हणून या महिन्यात रूफरला बोलवा, तीन कोटेशनं घ्या, आणि छत मार्च-एप्रिलमध्ये करून टाका. छताचा खर्च सहसा क्रेडिटमध्ये धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. बचत ३० हजारांच्या खाली जाऊ देऊ नका. एच-१बीवर नोकरी गेली तर हाती ६० दिवस असतात. सोलरसाठी क्रेडिट युनियनकडून, म्हणजे सहकारी पतसंस्थेकडून, फीशिवायचं कर्ज काढा. व्याज ८ टक्के दिसेल, घाबरू नका. क्रेडिटचे ७,२०० आले की भरून टाका. उरलेल्या १६,८०० चा दहा वर्षांचा हप्ता सुमारे २०५ येतो, आणि वीज व एसआरईसी मिळून महिन्याला तेवढेच वाचतात. करारात ‘काम ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत पूर्ण, नाहीतर ग्राहकाला रद्द करण्याचा हक्क’ हे वाक्य लिहून घ्या. डिसेंबरची वाट बघू नका, तेव्हा सगळा न्यू जर्सी परवान्याच्या रांगेत असेल. आणि हे पत्र पोचेपर्यंत तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्या टॅबलेटवर सही करून बसला असाल, तर घरी येऊन केलेल्या विक्रीला कामाचे तीन दिवस रद्द करण्याची मुभा आहे. लेखी कळवा, आजच.