“मॅडम, मी तुमचा वेळ वाया घालवतेय का?”

“मॅडम, माझ्यासारख्यांनी यायचं असतं का इथे? म्हणजे खरंच त्रास असलेली माणसं असतील ना.” ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या क्लिनिकमध्ये हे इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी खुर्चीच्या नुसत्या टोकावर बसलं की मला कळतं, हे येणार. ऐरोलीला आयटीत असणारी मुलं म्हणतात, घोडबंदर रोडच्या गृहिणी म्हणतात, एक रिटायर्ड काका तर म्हणाले, “तरुणांना द्या हो वेळ, माझं काय राहिलंय.” म्हणून आज एका बाईंबद्दल लिहितेय. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

चाळिशीच्या, कळव्याच्या, एका ऑफिसात अकाउंट्स बघणाऱ्या. झोप नाही, जेवण जात नाही, ट्रेनमध्ये उभ्या उभ्या रडू येतं, आणि तरी म्हणाल्या, “तसं विशेष काही नाही.” आल्या आल्या फी जीपे करायच्या, मुद्दे मोबाईलमध्ये लिहून आणायच्या आणि पन्नासातली चाळीस मिनिटं झाली की पर्सची चेन लावायच्या. “झालं माझं. बाहेर कोणी थांबलं असेल.”

डिप्रेशन किती आहे ते बघायला आम्ही नऊ प्रश्नांचा एक फॉर्म देतो. त्यातला सहावा प्रश्न साधारण असा की स्वतःबद्दल वाईट वाटतं का, आपण अपयशी आहोत, घरच्यांना निराश केलं असं वाटतं का. बाकी सगळीकडे बाईंनी ‘जवळपास रोज’वर खूण केलेली, आणि सहाव्याला ‘अजिबात नाही’! मी विचारलं, हे कसं काय?

“त्यात वाटायचं काय मॅडम? ते तर आहेच.”

हे उत्तर मी बऱ्याच ट्रेनींना ऐकवलंय. स्वतःला कमी लेखणं, सारखं अपराधी वाटणं हे डिप्रेशनचं लक्षण आहे, पण आतल्या माणसाला ते लक्षण वाटतच नाही, वस्तुस्थिती वाटते. म्हणजे ‘मी इथे येण्याच्या लायकीची नाही’ हे आजारच बोलत असू शकतो, आणि आपण त्यालाच विचारून ठरवतो की जायचं की नाही.

मग हळूहळू घरचं निघालं. मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया. ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत वडील भावाला घेऊन आत जायचे आणि ही शाळकरी मुलगी बाहेर बाकावर फाईल आणि डबा सांभाळत बसायची. “बाबा सगळ्यांना सांगायचे, हिची काही कटकट नाही.” घरात शाबासकी मिळाली ती याचीच. मग त्रास म्हणजे भावाला होतो तो, आपलं ते काहीतरी आपलं, हे पक्कं बसलं. आमच्याकडे येतानाही बाई मनाने त्या बाकावरच होत्या, आतला पेशंट दुसराच कोणीतरी.

आता इथे बहुतेक जण काय करतात, तर समजावतात, नाही हो, तुमचाही हक्क आहे, तुम्हीही लायक आहात. मी ते मुद्दाम टाळते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली, माणसाच्या कृतीला मार्क द्या पण माणसाला देऊ नका हे मानणारी. लायक आहे म्हटलं की उद्या नालायक ठरायची सोय झालीच. त्यापेक्षा ती परीक्षाच रद्द केलेली बरी.

म्हणून मी गृहपाठ दिला. “पुढच्या वेळी शेवटची दहा मिनिटं माझा वेळ ठरवून वाया घालवायचा. कामाचं एक अक्षर बोलायचं नाही.”

“असं कसं मॅडम? बरं दिसतं का ते?”

“नाही दिसणार. तेच करून बघायचंय.”

पुढच्या खेपेला चाळीस मिनिटं झाल्यावर हात सवयीने पर्सकडे गेला, तिथेच थांबला. मग सुरू झाल्या. सोसायटीतलं पार्किंगचं भांडण, बोंबील केवढ्याला झालेत, मुलीचा बारावीचा क्लास. आणि बोलता बोलता एकदम म्हणाल्या, “मला एकाहत्तर टक्के होते.” मला आधी लिंक लागेना. “बारावीला. निकाल लागला त्या दिवशी दादाला ॲडमिट केलेलं. कोणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय कोणालातरी.”

मी म्हटलं, “अकाउंट्सला किती होते?” रडता रडता हसल्या, “एक्क्याण्णव.” मग विषयवार सगळे मार्क सांगितले, मी ऐकले. एवढ्या सेशन्समध्ये मुद्द्यांच्या यादीत जे कधी आलं नव्हतं ते वाया घालवलेल्या वेळात आलं, आणि खरं सांगू, गृहपाठ असा बरोबर बसला की मलाही दिवसभर बरं वाटतं.

आता तुमच्यापैकी कोणी याच कारणाने अडून बसलं असेल तर. समुपदेशन हे रेशनचं दुकान नाही, की तुम्ही उचललंत म्हणून मागच्याला उरलं नाही. तज्ज्ञ कमी आहेत हे खरंय, पण तुम्ही दहा मिनिटं आधी उठलात तर ती गरजूला मिळत नाहीत, मी चहा पिते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजार असलेल्यांपैकी साधारण ७४ टक्के लोक उपचारांविना होते, आणि डिप्रेशन, एन्झायटीसारखे नेहमीचे आजार असलेल्यांपैकी ८५ टक्के. ‘आपलं काही एवढं नाही’ म्हणणारेच जास्त मागे राहतात, बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही सरकारी सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय, अमुक इतका त्रास असेल तरच अशी अट नाही. कोणाची गरज किती हे ठरवणं आमचं काम, ते तुम्ही घरी बसून करू नका. गरज नसेल तर आम्ही सांगतो, औषधं लागतील असं वाटलं तर सायकियाट्रिस्टकडे पाठवतो. आणि वेळ वाया घालवतेय असं वाटत असेल तर पहिल्याच सेशनला पहिलं वाक्य तेच बोला, कामाला सुरुवात तिथूनच होते. फी परवडत नसेल किंवा एवढ्यात कोणासमोर बसवत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

बाई आता महिन्यातून एकदा येतात. परवा सेशन संपायला पाच मिनिटं असताना नवा विषय काढला, आणि चक्क वेळ वाढवून मागितला. बाहेर पुढचे बसलेले, मी नाही म्हटलं. “बरं, मग पुढच्या वेळी सुरुवात यानेच,” म्हणाल्या आणि बरोबर पन्नासाव्या मिनिटाला उठल्या.