पारा चढायची वाट बघू नकोस

चि. पोरी,

काल तू वही दाखवलीस, दिवस राहावेत म्हणून रोज सकाळचं अंगाचं तापमान लिहितेस ती. 97.2, 97.4, 97.2, मग एकदम 97.8, आणि त्याला तांबड्या पेनानं गोल. "सिस्टर, दर महिन्याला ह्याच दिवसाची वाट बघतो, तरी पाळी येतेच." घरी आले तरी तो गोल डोळ्यांसमोरून जाईना.

अगं, तापमान झालेलं सांगतं, होणारं नाही. स्त्रीबीज सुटल्यावर बीजकोशात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार व्हायला लागतं आणि त्यानं अंग साधारण 0.4 ते 1 डिग्री फॅरेनहाइटनं तापतं. म्हणजे तू गोल करतेस तोवर बीज सुटून गेलेलं असतं, आणि ते जगतं 12 ते 24 तास. शुक्राणू मात्र आत 5 दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून संबंधासाठी दिवस धरायचे ते पारा चढायच्या आधीचे. चढल्यावरचे नव्हेत!

तीन-चार महिन्यांचे आकडे एकाखाली एक मांड. पाळी आल्यापासून साधारण कितव्या दिवशी चढ येतो ते दिसेल, पुढच्या महिन्यात त्याच्या आधीचे पाच-सहा दिवस धर. त्याच दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट, ताणलं जाणारं पाणी अंगावरून जातं. तो आजार नव्हे, तीच आधीची खूण. पारा ती देत नाही, कितीदा सांगू?

आणि पहाटे नळाला पाणी आलं म्हणून उठायचं, घागरी भरायच्या, चहा प्यायचा, मग थर्मामीटर तोंडात धरायचा, त्या आकड्यांना काय अर्थ? जाग आली की पाय खाली टाकायच्या आधी, रोज एकाच वेळी, निदान तीन-चार तास सलग झोप झाल्यावर बघायचं. काचेचा नको, त्यावर दोन-दोन दशांशांच्या रेघा असतात आणि तुझा चढच मुळी चार-सहा दशांशांचा. डिजिटल घे, उशाशी ठेव. पाणी भरायला नवरा उठू दे की.

खानापूर तालुक्यात माझी सगळी नोकरी गेली. जांबोटीकडच्या वाड्यांवरून बायका भर पावसात यायच्या, उपासतापास करून थकलेल्या. नवरा बरोबर नसायचाच. ती सल अजून आहे. मी म्हणायचे, पुढच्या खेपेला त्याला घेऊन ये. सिस्टर तोंडाळ, घरं मोडते, असं लोक बोलले. बोलू देत. दोष पुरुषातही असू शकतो हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं, मी बोलले, आजही बोलेन.

तुमच्या प्रयत्नांना वर्ष होऊन गेलंय. पस्तिशीच्या आत एवढंच थांबायचं असतं, पस्तिशीनंतर तर सहाच महिने. तेव्हा आता नुसती वही भरत बसू नकोस. दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, वही बरोबर ने. वीर्यतपासणीच्या आधी 2 ते 7 दिवस संबंध टाळावे लागतात, ते त्याला आजच सांग. सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघते.

तुझी,
सिस्टर मावशी