सुया लावल्या की डोळा लागतो, मग घरी का नाही?

‘अॅक्युपंक्चरने झोप येईल का?’ असं मला बरेच जण विचारतात. या ताई मात्र सहा वेळा सुया लावून घेऊन आल्या होत्या. वय बावन्न, आठ महिने झोप नाही. “मॅडम, तिथे दहा मिनिटांत डोळा लागतो. घरी दोन वाजेपर्यंत टक्क जागी. मग गुण आला म्हणायचा की नाही?”

मी विचारलं, “तिथे पडल्यावर मनात काय चालतं?”

“काहीच नाही. हलू नका म्हणतात, तशी पडून राहते. झोपायला थोडीच जाते मी तिथे!”

घरी त्या झोपायलाच जायच्या. नऊला दिवे बंद, मग घड्याळाकडे बघत हिशेब: आता लागली तर पाच तास मिळतील, आता लागली तर चार. झोप अशी ओढून आणायला गेलं की ती आणखी लांब पळते.

सुयांबद्दल मी त्यांना जे आहे ते सांगितलं. मनगटाच्या घडीवरचा शेनमेन, कानामागचा आनमिअन असे बिंदू यासाठी वापरतात. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात 33 चाचण्या तपासल्या, पण त्यांचा दर्जा कच्चा असल्याने ठाम निष्कर्ष निघाला नाही. 2017 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी जुनाट निद्रानाशासाठी पहिला मान दिला तो वर्तनोपचाराला, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याला. “पण तुमची डुलकी खरी आहे,” मी म्हटलं, “तिच्यावरूनच आपण शिकू.”

बोलता बोलता कळलं, सुया सुरू झाल्या म्हणून त्यांनी रोजची झोपेची गोळी एका दिवसात बंद केली होती. मला धस्स झालं. अशी गोळी अचानक तोडली की झोप आणखीच उडते, कधी त्याहून गंभीर त्रासही होतो. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवलं. डोस हळूहळू उतरवायचं ठरलं.

मग दोन आठवडे झोपेची नोंदवही. अंथरुणात नऊ तास, झोप साडेपाच. म्हणून अंथरुणातला वेळही साडेपाच तासच ठेवला: रात्री बारा ते पहाटे साडेपाच. झोप नीट भरू लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचा. मध्येच जाग राहिली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून. (फिट्स किंवा बायपोलरचा आजार असेल तर हे स्वतःहून करू नये.) पहिला आठवडा फार जड गेला. दिवसा पेंग यायची, गाडी चालवायची नाही असं मी बजावलं होतं. एकदा फोनवर रडल्यासुद्धा.

सुया बंद करा असं मी म्हटलं नाही. सुई दर वेळी नवी, निर्जंतुक असावी आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगावं, एवढंच.

दोन महिन्यांनी त्या सहा-सव्वासहा तास झोपू लागल्या. एखादी रात्र अजून बिघडते. सुयांना पंधरा दिवसांतून एकदा जातात. “झोपेसाठी नाही हो,” म्हणाल्या, “अर्धा तास कुणी हाक मारत नाही तिथे.”