नोकरी गेली, आता विश्वास कसा टिकवू?

ताई, जय ख्रिस्त. नोकरी गेली म्हणजे देव रागावला, हा हिशेब आधी सोडा. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र तोच मांडत बसले होते. सध्या एवढंच करा:

– रोज बायबलमधलं एक स्तोत्र, मोठ्याने. १३वं घ्या, सहाच वचनं आहेत. ‘किती वेळ?’ असं देवाला विचारायची लाज नको.
– रविवारचं चर्च चुकवू नका. रडू आलं तर मागच्या बाकावर बसा. मी वर्षभर तिथेच होते, रुमाल घेऊन!

नवी माणसं हमखास चुकतात ती उपासात. पहिल्याच आठवड्यात तीन दिवसांचा धरतात नि चौथ्या दिवशी प्रार्थनाही सोडतात. त्यापेक्षा हातातलं काम धरून ठेवा. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, तरी पंडिता रमाबाईंनी केडगावात बायबलचं भाषांतर चालूच ठेवलं.

ईयोबाचं अख्खं पुस्तक मात्र आत्ता नको. पुढच्या वर्षी एकत्र वाचू.