आपण बघतो म्हणून जग आहे, हे क्वांटमने सिद्ध केलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की क्वांटम मेकॅनिक्सनुसार (अणू आणि त्याहून लहान कणांचं शास्त्र) कोणी बघितल्याशिवाय वस्तू अस्तित्वातच नसते, म्हणजे वेदांतातली माया विज्ञानाने सिद्ध केली. हे खरं आहे का, आणि बाबांना काय सांगू?

खरं नाही. पण एवढं सांगून भागत नाही, कारण फॉरवर्डच्या मागे जे खरं दडलंय ते त्याहून जास्त चक्रावणारं आहे.

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवण्यात माझी हयात गेली. हाच फॉरवर्ड माझ्याकडे आला तो भरीत पार्टीत. थंडीचे दिवस, यावलकडचा एक मळा, पऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदची वांगी भाजायला टाकलेली. आमच्या व्याह्यांकडचे नाना पारोळ्याकडचे, बोली पक्की अहिराणी. मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाले, "मास्तर, आपन डोया मिटा का बाग नही ऱ्हास म्हने. मंग मोटर बंद करी देऊ का?" म्हणजे, डोळे मिटले की केळीची बाग राहत नाही म्हणे, मग पाण्याची मोटर बंद करू का? सगळे हसले. मीही हसलो, पण प्रश्न चोख होता.

आधी "बघणं" या शब्दाचा निकाल लावू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. 1999 मध्ये व्हिएन्नातल्या गटाने साठ कार्बन अणूंचे गोल रेणू अतिसूक्ष्म जाळीतून सोडले. रेणू पलीकडे पोचतो तो एका जागी, एकसंध. पण असे पुष्कळ रेणू मोजले की पट्टे दिसतात: इथे गर्दी, तिथे शुकशुकाट, पुन्हा गर्दी. रेणू जाळीच्या एका ठरावीक फटीतून गेला असं धरलं तर हे पट्टे येतच नाहीत. पुढे 2004 मध्ये त्याच गटाने सत्तर कार्बनवाले रेणू घेतले आणि जाळीआधी लेझरने तापवले. आमच्या भुसावळचा मे महिना त्यापुढे हिवाळा वाटावा इतके तापवले. तापलेली वस्तू प्रकाश फेकते, तसे रेणूही फेकू लागले, आणि जसजसं तापमान वाढत गेलं तसतसे पट्टे फिके होत शेवटी पुसले गेले.

आता त्या रेणूंकडे कोण बघत होतं? कोणीच नाही. तो प्रकाश कोणी गोळा केला नाही, त्याची नोंदही ठेवली नाही. रेणूने स्वतःच जाता जाता आपली चहाडी केली, "मी इकडून गेलो" ही माहिती आसपासच्या जगात सांडली, आणि तेवढ्याने पट्टे गेले. क्वांटममधलं "बघणं" ते हे. त्याला डोळा लागत नाही, मन लागत नाही, आत्मा तर नाहीच. नानांच्या केळीच्या बागेची चहाडी ऊन, वारा, माश्या आणि शेजारचा म्हातारा अष्टौप्रहर करत असतात. मोटर चालू राहू द्या.

जाणिवेमुळे निकाल लागतो असं म्हणणारे मोठे लोक होते हे मात्र खरं. यूजीन विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाने 1961 मध्ये तसं लिहिलं होतं. नंतर त्याने स्वतःच ते मत सोडलं. फॉरवर्डवाले पहिल्या विग्नरचं नाव घेतात, दुसऱ्याचं घेत नाहीत.

एक कबुली इथेच देतो. माहिती सांडली की पट्टे का जातात हे आता नीट समजतं. पण इतक्या शक्यतांमधून शेवटी एकाच जागी ठिपका का पडतो, हे त्याने सुटत नाही. याला मापनाचा प्रश्न म्हणतात आणि तो शंभर वर्षांपासून घरात असलेल्या भाडेकरूसारखा बसून आहे.

आता मूळ गोष्ट. समजा तुम्ही चपलांचा जोड दोन पिशव्यांत एकेक टाकून एक नंदुरबारला नेली, एक भुसावळला. नंदुरबारच्या पिशवीतून डावी निघाली तर भुसावळला उजवी आहे हे त्याच क्षणी कळतं. यात गूढ काही नाही, पिशवी भरली तेव्हाच ठरलं होतं. 1935 मध्ये आईन्स्टाईनने दोन सहकाऱ्यांसोबत जो लेख लिहिला त्याचं म्हणणं साधारण हेच होतं: जोडीने जन्मलेल्या कणांची उत्तरं एकमेकांशी जुळतात, तर ती आधीच ठरलेली असणार. म्हणजे कणांच्या खिशात चिठ्ठी असणार, आणि क्वांटम मेकॅनिक्सला ती वाचता येत नसेल तर सिद्धांत अपुरा आहे. मला विचाराल तर हा अत्यंत समंजस विचार आहे. दुर्दैवाने तो चुकला.

चुकला हे कसं कळलं, ते एका खेळातून सांगतो. हे नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

दोन भाऊ. मोठा नंदुरबार स्टेशनवर, धाकटा भुसावळला. दोन्हीकडे स्टेशनमास्तर एकाच क्षणी नाणं उडवतो. छापा आला तर भावाला विचारतो "केळी?", काटा आला तर "कापूस?". भावाने लगेच फक्त "हो" किंवा "नाही" म्हणायचं. नियम असा: दोघांनाही "कापूस" विचारलं गेलं तर त्यांची उत्तरं वेगळी हवीत. बाकी तिन्ही वेळा सारखी हवीत. निघण्यापूर्वी जळगावला बसून काय वाट्टेल ते ठरवा, पण खेळ सुरू झाल्यावर फोन बंद. दोन्ही स्टेशनांत सरळ रेषेत अंदाजे 165 किलोमीटर अंतर धरलं, तर प्रकाशालाही ते कापायला अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्याच्या आत उत्तर द्यायचं, म्हणजे चोरून निरोप धाडणं अशक्यच.

सर्वांत चांगली युक्ती कोणती? दोघांनी कायम "हो" म्हणायचं. चारपैकी तीन प्रकारांत जिंकाल, म्हणजे 75 टक्के. यापेक्षा जास्त जमत नाही, आणि ते का, हे सातवीचं पोर समजू शकेल. भावांच्या खिशात चिठ्ठी आहे असं धरा: केळीला काय म्हणायचं, कापसाला काय. थोरल्याचं केळीचं उत्तर धाकट्याच्या दोन्ही उत्तरांशी जुळलं पाहिजे, म्हणजे धाकट्याची दोन्ही उत्तरं एकच झाली. थोरल्याचं कापसाचं उत्तर धाकट्याच्या केळीशी जुळलं पाहिजे, म्हणजे तेही तेच झालं. आता चारही उत्तरं एकसारखी, मग कापूस-कापूसला वेगळी कुठून आणणार? चौथा प्रकार हरलाच. रोज नवी चिठ्ठी लिहा, चिठ्ठ्या टाकून निवडा, 75 च्या वर सरासरी जात नाही.

आणि आता त्याच भावांना जोडीने जन्मलेले प्रकाशाचे कण द्या, एकेक. प्रत्येकाकडे एक पोलरॉइडची काच, म्हणजे एका ठरावीक दिशेत कंपणारा प्रकाशच पलीकडे सोडणारी. थोरला केळीला काच 0 अंशांवर धरतो, कापसाला 45 वर. धाकटा केळीला साडेबावीसवर, कापसाला उलट बाजूला साडेबावीसवर. कण काचेतून गेला तर "हो", अडला तर "नाही". पहिल्या तीन प्रकारांत दोन काचांमध्ये साडेबावीस अंशांचा फरक पडतो, कापूस-कापूसला साडेसदुसष्टचा. फरक कमी असेल तर उत्तरं बहुधा सारखी येतात, जास्त असेल तर बहुधा वेगळी. क्वांटमचं गणित सांगतं की असे भाऊ 85 टक्क्यांहून थोडे जास्त डाव जिंकतील.

या खेळामागचं गणित 1964 मध्ये जॉन बेलने मांडलं. माणूस बेलफास्टचा, नोकरी सर्न या युरोपातल्या कण-प्रयोगशाळेत, आणि हा विषय फावल्या वेळेचा. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. क्वांटम उभारणाऱ्यांपैकी एक नील्स बोर आणि आईन्स्टाईन वर्षानुवर्षं ज्यावर वाद घालत बसले तो वाद प्रयोगशाळेत मोजता येतो, हे ओळखणाऱ्या माणसाची सुरुवात कणत्वरकांच्या, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रांच्या आराखड्यांपासून झाली होती.

मग मोजलं. 1972 मध्ये फ्रीडमन आणि क्लॉझरने, 1982 मध्ये फ्रान्समध्ये अस्पेने. दरवेळी चिठ्ठीवाल्यांना कुठेतरी पळवाट राहायची. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला एकमेकांपासून 1.3 किलोमीटरवरच्या दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन घेऊन तो खेळ पळवाटा बुजवून खेळला गेला. 220 तासांत 245 डाव झाले, म्हणजे तासाला जेमतेम एक. सुमारे 80 टक्के डाव जिंकले. चिठ्ठीवाल्यांची मर्यादा 75. 2022 चं नोबेल अस्पे, क्लॉझर आणि त्साइलिंगर यांना मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी.

टेलिपथीवाले इथे लगेच उड्या मारतात, त्यांना थांबवतो. नंदुरबारच्या भावाला स्वतःपुरतं काय दिसतं? निम्म्या वेळा हो, निम्म्या वेळा नाही, कसलाही नमुना नाही. भुसावळला काय विचारलं गेलं याचा त्यात मागमूस नाही. संध्याकाळी दोघं अमळनेरला भेटून वह्या शेजारी ठेवतात तेव्हाच 85 टक्के दिसतात. निरोप एकही जात नाही.

तर खिशात चिठ्ठी नव्हती, निदान साधीसुधी नव्हती. मग काय होतं? इथून पुढे भौतिकशास्त्रज्ञांचं एकमत नाही. डेव्हिड बोम या भौतिकशास्त्रज्ञाने 1952 मध्ये चिठ्ठी वाचवली, पण किंमत अशी की नंदुरबारला काच फिरवली की भुसावळच्या कणाला तत्काळ झळ बसते, अंतर कितीही असो. ह्यू एव्हरेट हा दुसरा भौतिकशास्त्रज्ञ 1957 मध्ये म्हणाला की दोन्ही उत्तरं येतात, जगाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर. तिसरे म्हणतात नाणंच फितूर आहे, कोणता प्रश्न येणार हेही विश्वाच्या जन्मापासून ठरलेलं. यांना चेपायला 2018 मध्ये नाण्याऐवजी अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला क्वासारचा (अतिदूरच्या, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांचा) प्रकाश वापरून प्रयोग झाला. फितुरी असेल तर ती तितकी जुनी असायला हवी. आणि चौथे, ज्यांत बोरचे वारस येतात, सरळ म्हणतात की उत्तर आधी नव्हतंच, प्रश्न विचारला तेव्हा ते घडलं.

माझा कल चौथ्यांकडे आहे, थोडा नाइलाजाने. एव्हरेटचं म्हणणं गणिताला स्वच्छ आहे, पण सगळंच घडत असेल तर 85 टक्के कशाचे, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. मात्र चौथ्यांचं म्हणणंही नीट ऐका: काही प्रश्नांची उत्तरं आधी ठरलेली नसतात, एवढंच ते सांगतात. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, त्याचं वस्तुमान कोणी विचारो न विचारो, तेच राहतं. "वस्तूच नसते" हे फॉरवर्डवाल्यांनी पदरचं घातलं.

आता मायेचं. याचा विचार करायला खान्देशासारखी जागा नाही, कारण अमळनेरला प्रतापशेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं आणि तिथे अद्वैतावर देशभरातले विद्वान येऊन काथ्याकूट करत. जी. आर. मलकानींसारखी माणसं तिथे आयुष्यभर राहिली. त्या परंपरेत थोडं जरी डोकावलं तरी कळतं की फॉरवर्डमधली माया शंकराचार्यांची नव्हे. "नाभाव उपलब्धेः" या ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात आचार्य विज्ञानवादी बौद्धांशी (सगळं फक्त जाणिवेत आहे म्हणणाऱ्यांशी) भांडतात, आणि मुद्दा हाच: बाहेरची वस्तू नुसती मनातली नाही. लोकांना खांब दिसतो, भिंत दिसते, "खांबाचं ज्ञान" दिसत नाही. म्हणजे "बघितलं म्हणून आहे" या मताला आचार्यांनीच हाणलंय. बघणं म्हणजेच घडणं असं मानणारा दृष्टिसृष्टिवाद अद्वैतात नंतर आला खरा, पण त्यालाही बेलच्या 75 टक्क्यांशी देणंघेणं नाही.

क्वांटमच्या शिल्पकारांपैकी श्रोडिंगर उपनिषदं वाचायचा, बरोबर. पण पेटी उघडेपर्यंत जिवंतही आणि मेलेलंही असणाऱ्या मांजराची गोष्ट त्याने रचली ती "बघितल्यावर ठरतं" या बोलण्याची टर उडवायला. दुसरा शिल्पकार हायझेनबर्ग भारतात येऊन टागोरांना भेटला, तेही बरोबर, पण 1929 मध्ये. त्याचं मुख्य काम 1925 आणि 1927 चं. त्याला क्वांटम भारतात सुचलं म्हणणं म्हणजे जेवण झाल्यावर मसाला आणायला जाणं.

बाबांना काय सांगायचं? काही सांगू नका, खेळ खेळायला लावा. आम्ही त्या दिवशी तेच केलं. नाना ओट्यावर, त्यांचे धाकटे बंधू घरामागे चुलीपाशी, मी आणि भाचा नाणी घेऊन. पहिल्या फेरीत दोघांनी 40 पैकी 38 डाव मारले. डेल्फ्टपेक्षा भारी! भाचा तर चाटच पडला. मग वहिनींच्या लक्षात आलं की "कापूस" विचारलं की नानांना खोकला येतो. दुसऱ्या फेरीला नानांना बांधापलीकडच्या विहिरीवर नेऊन बसवलं. 40 पैकी 29.